हवालदारांची खारी पलटण

ज्ञानू फडतरे यांना आमच्या आवारात सगळे सुभेदार म्हणत, आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करत. सकाळी दूधवाल्यानं "सुभेदार, दूध" अशी हाक दिली की आतून आधी "हवालदार" असा आवाज यायचा आणि मग पातेलं घेऊन स्वतः फडतरे यायचे. पेन्शनीत आल्यापासून त्यांनी जितक्या वेळा ही बढती नाकारली, तितक्या वेळा ती दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर सातारा जिल्ह्यात साधा शिपाई औषधालाही उरला नसता.

मी बोलताना थोडं वाढवून सांगतो असं म्हणतात. यातला 'थोडं' हा शब्द माझा आहे, लोक दुसरा वापरतात. पण फडतऱ्यांच्या बाबतीत वाढवायला जागाच नव्हती. मिशी घ्या. माधवनगरच्या गिरणीत ते वॉचमन होते, आणि विश्रामबागेतून सायकलवर निघाले की मिशी गिरणीच्या फाटकाशी पोचलेली असायची आणि हवालदार मागून येत असायचे. वाऱ्याच्या दिवशी तर एका बाजूला कलायचे.

खोटं बोलणं हा प्रकार या माणसाच्या शरीरातच नव्हता, जशी एखाद्याला जन्मतः करंगळी नसावी. गिरणीत नियम असा, की भोंगा झाल्यावर आलेल्याला साहेबांच्या परवानगीशिवाय आत सोडायचं नाही. अंमलबजावणी फडतऱ्यांकडे. एकदा वाटेत सायकल पंक्चर झाली आणि ते स्वतःच भोंग्यानंतर पोचले. रात्रपाळीच्या वॉचमननं फाटक धरलं, "या की आण्णा." हे बाहेरच उभे. साहेब नेमके त्या दिवशी दुपारी आले. तोवर हवालदार भर उन्हात रस्त्यावर सावधान उभे राहून फाटकाकडे तोंड करून ड्युटी करत होते. साहेब म्हणाले, "फडतरे, बाहेर काय करताय?"

"उशीर झालाय साहेब. मला मी आत घेत न्हाई."

अशा माणसाशेजारी मी, हळदीच्या अडत्याकडचा कारकून, भिंतीला भिंत लावून राहत होतो. माझा तेव्हा घामसुद्धा पिवळा यायचा, पण ते जाऊ दे.

घर आक्कांचं. पद्मावती आक्का चौगुले. पुढं त्यांचं स्वतःचं घर, मागं भाड्याच्या खोल्या, मधे विहीर. जैन बाई, पांढरं लुगडं, आवाज असा की सांगलीत "गवळी आला का" म्हटलं तर मिरजेत म्हशी उभ्या राहाव्यात. भाडेकरूंना त्यांचा नियम एकच, आवारात जनावर पाळायचं नाही.

"मांजर उंदरं मारतंय," त्या बोटांवर मोजत सांगायच्या. "कुत्रं भाईर जाऊन काय खाऊन येईल त्याचा नेम न्हाई. पोपट म्हंजे पिंजरा, पाप तुमचं आणि घर माझं. आणि कोंबडीचं तर नावच काढू नका की."

त्यांना जिवांचा राग नव्हता. उलट होतं. एकदा दार लावताना पालीची शेपूट चेंगरली. पाल पळाली, शेपटी तेवढी वळवळत राहिली. आक्कांनी त्या शेपटीसाठी अन्न सोडलं. पाल बापडी रोज भिंतीवर येऊन टुणटुणीत फिरायची आणि आक्का खाली तिच्या शेपटीपायी उपाशी. शेवटी गावातल्या जाणत्यांनी समजूत घातली तेव्हा पेज घेतली. तेव्हापासून आवारात सगळे दारं अशी लावत, जणू आत बाळ झोपलंय.

आणि नेमके याच आवारात फडतरे. सगळी नोकरी डोंगरी तोफखान्यात खेचरांबरोबर गेलेली. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. माणसांबद्दल ते फार बोलत नसत. चंपा नावाच्या खेचरीबद्दल बोलत. "खेचर कवा खोटं बोलत न्हाई गड्या. लाथ मारायची तर कान मागं करून सांगतं, मग मारतं. मानूस न सांगता मारतो." स्टेशनवर टांग्याचा घोडा दिसला की हा माणूस सायकलवरून उतरून त्याला सलाम करायचा. टांगेवाल्याला नाही, घोड्याला. खोलीत मात्र काही म्हणजे काही हलतं नव्हतं. ड्युटीवरून आले की खाटेवर बसायचे आणि भिंतीकडं बघायचे. हात रिकामा राहवत नसे, म्हणून खेचराला खरारा करावा तसा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचे. खुर्ची चकचकीत झाली होती.

त्यांचा एक पुतण्या बोटीवर खलाशी होता. दुष्काळानंतरच्या त्या साली, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची तेव्हा, तो रजेवर आला आणि काकासाठी परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून एक पुडी घेऊन आला. आत तपकिरी भुकटी, अगदी बारीक. पुतण्या समजावून सांगत होता तेवढ्यात मी पोचलो. समोर तपकीर दिसल्यावर विचारायची पद्धत आमच्यात नाही. मी चिमूट घेतली आणि ओढली. त्यानंतर मी किती शिंकलो ते सांगत नाही. कृष्णेच्या आयर्विन पुलावरची माणसं वळून बघत होती एवढंच म्हणतो.

"आरं ती अंडी हायती," हवालदार म्हणाले.

कोळंबीच्या जातीचा एक जीव असतो, खाऱ्या पाण्यातच जगणारा, मोठा झाला तरी बोटाच्या नखाएवढा. त्याची ही अंडी. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं मरत नाहीत, मिठाच्या पाण्यात टाकली की दीड-दोन दिवसांत जागी होतात. मला आजही सर्दी झाली की कपाळात काहीतरी पोहतंय असं वाटतं.

हवालदारांनी लोणच्याची काचेची बरणी घेतली, विहिरीचं पाणी, जाडं मीठ, आणि चिमूटभर भुकटी. दोन दिवसांनी बरणीत नारिंगी ठिपके हलायला लागले. सुईच्या टोकाएवढे. ड्युटीवरून आल्यावर चपला न काढता ते बरणीपुढं उकिडवे बसले, ते जेवायचं विसरले.

"दाणा न्हाई, नाल न्हाई, खरारा न्हाई," मला म्हणाले. "चिमूटभर तांदळाची पिठी, बास. रजेचा अर्जबी न्हाई." एवढं बोलून त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून बरणीवर ठेवला.

पण नियम तो नियम. मी म्हणालो, दिसत तर नाहीत, कशाला सांगताय. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा शिंकलो. सरळ पुढच्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेर सावधान उभे राहिले.

"आक्का, जनावरं ठेवल्यात."

आक्का चष्मा घालून आल्या. दिवसाच्या उजेडात बरणी न्याहाळली, वरून, खालून, बाजूनं, पण काही दिसेना. "सुभेदार," त्या मायेनं म्हणाल्या, "उन्हात डुटी करत जाऊ नका."

"हवालदार," फडतरे म्हणाले. पण परवानगी मिळाल्यात जमा होती.

त्यानंतरचे महिने म्हणजे काय सांगू. या जिवांना उजेडाची ओढ असते. हवालदारांना हे कळलं त्या दिवशी आमच्या आवारात पलटण उभी राहिली. संध्याकाळी खोलीचं दार ओढून घ्यायचे, बॅटरी पेटवायचे. "पलटण, दाहिने चल." बॅटरी उजवीकडं गेली की अख्खी बरणी उजवीकडं. "बाये चल." सगळी डावीकडं. एक मागं राहायचा नाही. मोठी झाल्यावर ती पाठीवर उलटी पोहायला लागली, पाय वर करून, पिसासारखे हलवत. हवालदारांना ते जरा खटकलं. "परेड उताणी न्हाई करत," म्हणाले, पण मग चालवून घेतलं. एक जरा आडमुठी होती, बॅटरीकडं उशिरा यायची. तिचं नाव चंपा.

मी त्यांना एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. फाटकावर कामगारांना दोन शब्द बोलायला लागले. एकदा तर हसले, तेव्हा गिरणीतल्या जुन्या लोकांनी मशिनं बंद करून बाहेर येऊन बघितलं.

आता आक्कांची एक रीत सांगायला हवी. विहिरीचं पाणी त्या दुपदरी फडक्यातून गाळूनच घ्यायच्या. गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात, ते फेकायचे नाहीत. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी तळाला कडी असलेली वेगळी बादली होती. ती हलकेच पाण्यापर्यंत उतरवायची आणि मग उलटी करायची, कारण वरून ओतलं तर जिवांना लागतं. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, आक्कांची जिवाणी चुकली नाही.

भाद्रपदात आक्कांचं उपवासाचं पर्व सुरू व्हायचं होतं, दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायच्या. आदल्या दिवशी त्या मागची झाडलोट करायला आल्या आणि हवालदारांच्या खिडकीतल्या बरणीशी थांबल्या. आता पलटण नखाएवढी झाली होती. चष्म्याचीही गरज नव्हती. एवढे जीव, बरणीत कोंडलेले, स्वतःच्या आवारात, पर्वाच्या तोंडावर.

हवालदार तेव्हा माधवनगरला. संध्याकाळी आले, सायकल लावली, तर आक्का दारात उभ्या, चेहरा पुनवेसारखा.

"सुभेदार, तुमचे समदे जीव मोकळे केले बघा. फडक्यातनं गाळले, कडीच्या बादलीनं हळूच विहिरीत सोडले. एकालाबी धक्का लागला न्हाई. पाणी विहिरीचंच होतं न्हवं? ज्याचं त्याला दिलं. पुण्य तुमच्या नावावर, मला काय नको."

बरणी कट्ट्यावर पालथी वाळत होती. हवालदार विहिरीकडं गेले आणि आत वाकले. मी मागं उभा होतो. विहिरीचं पाणी गोड, उसासारखं गोड, अख्खं विश्रामबाग प्यायला यायचं. खाऱ्या पाण्यातला जीव त्यात दिवसभरसुद्धा टिकत नाही. हे हवालदारांना माहीत होतं, मला माहीत होतं. आक्कांना माहीत नव्हतं.

"बरं राहतील न्हवं तिथं?" आक्कांनी मागून विचारलं.

पालीच्या शेपटीसाठी जिनं अन्न सोडलं होतं, ती हे विचारत होती. अख्खी पलटण आपल्या हातानं मेली, आणि तीही पर्वाच्या आदल्या दिवशी, हे कळलं असतं तर म्हातारीनं पुन्हा तोंडात घास घातला नसता. आणि विचारलं कुणाला, तर ज्याला खोटं बोलताच येत नाही त्याला.

"बघून सांगतो," हवालदार म्हणाले.

पुढचे दिवस मी त्या माणसाची जी कसरत पाहिली, तशी सर्कशीतल्या तारेवरही पाहिलेली नाही. आक्का रोज विचारायच्या, हे रोज खरं बोलून सुटायचे.

"कशी हायत?"

"एकाचीबी तक्रार न्हाई आक्का."

दुसऱ्या दिवशी, "वाढली का?"

"विहिरीत समदं शांत हाय."

तिसऱ्या दिवशी, "बाहेर यायला बघत न्हाईत न्हवं?"

"न्हाई. कायम तिथंच राहनार असं दिसतंय."

खोलीत येऊन खाटेवर बसायचे आणि पुन्हा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचे. मी म्हणालो, "आण्णा, एक साधी थाप आहे. मी सांगू का? मला वेळ लागणार नाही." त्यांनी मान हलवली. "तुझ्यावर त्यांचा इश्वास न्हाई बसायचा गड्या." यात तथ्य होतं.

मग आक्कांनी घाव घातला. उपवासानं आवाज अर्धा झाला होता, म्हणजे आता फक्त सांगलीपुरता ऐकू यायचा. म्हणाल्या, "सुभेदार, पारण्याच्या दिवशी त्यातला एक जीव मला घागरीत काढून दावा. डोळ्यांनी बघीन आणि मग अन्न घेईन. त्याशिवाय न्हाई."

त्या दिवशी हवालदारांनी पालथी बरणी पहिल्यांदा हातात घेतली. मीठ वाळून काचेला चिकटलं होतं आणि जिथंवर पाणी होतं तिथं कडेनं एक तपकिरी कडं उमटलं होतं, तपकिरीच्या डबीला असतं तसं. पलटणीनं जाता जाता अंडी ठेवली होती. आक्कांनी बरणी घासली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दुसऱ्याचं भांडं मालकाला न विचारता घासायचं नाही, हीही त्यांची एक रीत.

हवालदारांनी विहिरीचं पाणी ओतलं, मीठ टाकलं, बरणी धोतराच्या फडक्यात बांधली आणि सायकलच्या हँडलला लावून गिरणीवर नेली. दोन दिवस ती फाटकाच्या केबिनमध्ये उबेला होती. कामगार सांगतात, त्या दोन दिवसांत हवालदारांनी भोंग्यानंतर आलेल्यांकडं बघितलंसुद्धा नाही. एकानं तर बैल आत नेला म्हणतात. बैल मी बघितलेला नाही, पण शेण होतं.

पारण्याच्या दिवशी आक्का ओसरीवर बसल्या होत्या. पुढं मुगाचं कढण झाकलेलं, शेजारी चार बायका, आणि एकीचीही नजर कढणावरून हलत नव्हती. हवालदार बरणी घेऊन आले. ड्युटीचा खाकी डगला, बिल्ला लावलेला. ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बरणी ठेवली आणि बॅटरी पेटवली. काचेच्या त्या एका जागी नारिंगी धुकं गोळा झालं आणि हलायला लागलं.

आक्का वाकल्या. बराच वेळ वाकल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "सुभेदार, विहिरीतलीच न्हवं ही?"

मी वाट बघत होतो, "हवालदार" म्हणतील म्हणून. म्हणाले नाहीत. तेव्हाच मी खांबाला धरलं.

त्यांना पळवाट होती. बरणीतलं पाणी विहिरीचंच होतं, तेवढं सांगून सुटता आलं असतं. खऱ्याचं खरं आणि सुटकेची सुटका. पण त्यांनी टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "व्हय आक्का. विहिरीतलीच. पिल्लं झाल्यात त्यास्नी."

मी जन्मभर थापा मारल्या. एवढी सरळ उभी राहिलेली थाप मी पाहिली नाही.

आक्कांनी दोन्ही हात जोडले, झाकण काढलं आणि कढणाचा पहिला घोट घेतला. चारही बायकांनी श्वास सोडला, त्यानं बॅटरीची काचसुद्धा धुरकटली.

"मोठी झाली की सोडू परत विहिरीत," आक्का म्हणाल्या.

मी खांब आणखी घट्ट धरला. पण एकदा खड्ड्यात उतरलेला फौजी तळ गाठतो. "तसं न्हाई चालायचं आक्का. विहिरीतनं घागरीत आली तवा अंडी होती. जलम बरणीत झाला. ज्या पाण्यात जलमली त्या पाण्यात ऱ्हायला पायजेत, तुमची जिवाणीची रीतच हाय की."

आक्का विचारात पडल्या. रीत त्यांची होती. तिला त्या नाही म्हणू शकत नव्हत्या. "बरोबर हाय," म्हणाल्या. "मग बरणी मोठी आणा."

तासाभरानं आवारात धप धप आवाज आला. बघतो तर हवालदारांनी गादी, चादरी, पितळी बंब, सगळं होल्डॉलमध्ये कोंबून पाठीला बांधलं होतं आणि ते दुपारच्या उन्हात विहिरीभोवती पळत होते. फौजेत चूक करणाऱ्याला अशी पाठीवर ओझं घेऊन पळायची शिक्षा देतात, पिठ्ठू म्हणतात तिला. शिक्षा देणारा वरिष्ठ नव्हता, म्हणून यांनी ती स्वतःच स्वतःला दिली होती.

आक्का बाहेर आल्या. "हे काय हो सुभेदार?"

"तब्येतीसाठी, आक्का," हवालदार धापा टाकत म्हणाले. आणि थबकले. हेही खोटंच झालं होतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि अजून फेऱ्या घ्यायला सुरुवात केली.

त्यानंतर बरणी दोन घरांची झाली. दिवसा आक्कांच्या कट्ट्यावर, संध्याकाळी हवालदारांच्या परेडीला. पिठी आक्का स्वतः वस्त्रगाळ करून द्यायच्या. एकच वाद व्हायचा. आक्का सूर्यास्तानंतर जेवत नसत आणि पलटणीलाही जेवू देत नसत. हवालदार सहाच्या पाळीवरून येईतो पलटण जेवून बसलेली असायची. "फौजेत रातचं जेवान असतंय आक्का." "तुमच्या फौजेत असंल. माझ्या कट्ट्यावर न्हाई." पुढं पुढं हवालदारच पाळी बदलून घेऊन दिवसाउजेडी जेवायला लागले. एकटं जेवायचं सोडून आक्कांच्या ओसरीवर पान मांडून, बरणी समोर ठेवून. पलटणीतल्या जुन्या जात होत्या, कडेच्या तपकिरी कड्यातून नव्या येत होत्या, आणि चंपा नावाची एक आडमुठी दर वेळी कुठून तरी निघायचीच.

काही वर्षांनी त्यांचे गुडघे सायकलला नाही म्हणाले. पुतण्यानं बोट सोडून कोरेगावजवळ गावी घर बांधलं होतं, दारात म्हैस, दोन शेरडं. तो न्यायला आला. बरणी आक्कांकडंच राहणार हे ठरलेलं होतं. काचेवरचं थोडं वाळलेलं मीठ, तपकिरी कड्यासकट, हवालदारांनी कागदात बांधून डगल्याच्या खिशात घेतलं, बिल्ल्याच्या मागं.

टांगा दाराशी आला. त्यांनी आधी घोड्याला सलाम केला, मग बरणीला. आक्का म्हणाल्या, "आणि विहिरीतल्यांना न सांगता निघालासा होय?"

हवालदार विहिरीवर गेले. काठाशी टाचा जुळवून उभे राहिले आणि खालच्या गोड पाण्याला सलाम ठोकला. हात लवकर खाली आला नाही. ती पहिली पलटण कुठं आहे ते त्या पाण्याला ठाऊक होतं आणि त्यांना.

आक्का हळूच म्हणाल्या, "वळखत असतील हो तुमाला?"

"व्हय आक्का," हवालदार म्हणाले. "वळखत्यात."

मग त्यांनी पुतण्याच्या हातातून होल्डॉल काढून घेतला. पुतण्या म्हणाला, "काका, ठिवा टांग्यात, चाललाय कुठं?" त्यांनी ऐकलं नाही. पाठीला पट्टा आवळला आणि निघाले, त्या गुडघ्यांनी, विहिरीभोवती, एक एक पाऊल आपटत, मिशी वर, नजर समोर.

टांगेवाला बघत राहिला. घोडाही बघत राहिला. आक्कांनी पदर सारखा करून हात जोडले.

"बघा," मला म्हणाल्या, "जाताना परदक्षिणा घालतोय. किती भाव हाय माणसाचा."